बिनमुठीची बॅग

पत्र्यावर हातोडी पडायची, आणि दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत बापाचा आवाज बसायचा:

बोटाएवढं घडव, पोरी, घराएवढं येईल गं,
आपुल्यासाठी मागशील तर हातचंसुद्धा जाईल गं.

सेनोबिया कालिसाया तेव्हा सहा वर्षांची होती. बाप सार्डिन माशांच्या रिकाम्या डब्यांतून बोटभर ट्रक बनवायचा आणि आलासिताच्या जत्रेत विकायचा. ला पाझ शहरात ही जत्रा म्हणजे माणसांच्या इच्छांचा बाजार. ज्याला घर हवं त्याच्यासाठी बोटभर घर घ्यावं, ज्याला ट्रक हवा त्याच्यासाठी बोटभर ट्रक, भर दुपारी बाराला त्यावर धूप फिरवावा, आणि वर्षभर वाट बघावी. अट एकच. आपल्यासाठी आपण घ्यायचं नाही. दुसऱ्यानं प्रेमानं हातात ठेवलं तरच फळतं.

आणि जसं घडवावं तसंच येतं, हेही बापानंच शिकवलं. एकदा घाईत त्याच्याकडून एका ट्रकचं मागचं फळकुट डाख लागून कायमचं बंद झालं. बटाट्याच्या व्यापाऱ्यानं भावासाठी तो ट्रक नेला. वर्षाच्या आत भावाला खराखुरा ट्रक मिळाला, आणि त्याचं मागचं दार असं अडकलं की बिचाऱ्यानं जन्मभर बटाटे वरून उतरवले. भेटला की बापाकडे नुसता बघायचा. बाप खाली मान घालायचा.

आता सेनोबिया एकेचाळीस वर्षांची होती आणि अकरा वर्षं एकाच बालवाडीत हंगामी शिक्षिका होती. हंगामी माणसाला कपाट मिळत नाही. त्यामुळे खडू, डिंक, वीस बोथट कात्र्या, बाहुल्या आणि नाक पुसायचे फडके एवढा संसार एका तपकिरी बॅगेत भरून ती रोज सकाळी एकशे चाळीस पायऱ्या उतरून शाळेत यायची, आणि दुपारी तोच संसार घेऊन एकशे चाळीस पायऱ्या चढायची. ला पाझमध्ये पायऱ्या उतरताना देव आठवतो आणि चढताना डॉक्टर.

कायम होण्यासाठी दरवर्षी सेवापत्रक भरावं लागे. तेरा रकाने ती मोत्यासारख्या अक्षरात भरायची. चौदावा रकाना होता, ‘शिक्षकाची स्वतःची इच्छा’. तिथं सेनोबिया पट्टी धरून एक सुबक आडवी रेघ मारायची. आपल्या तोंडानं आपल्यासाठी मागायचं? ती सार्डिनवाल्याची लेक होती, भिकाऱ्याची नव्हे. सरकारला डोळे आहेत. एक दिवस सरकार आपण होऊन हातात ठेवील.

सरकार अकरा वर्षं त्या रेघेकडे बघत होतं.

यंदा मात्र मुख्याध्यापिका डोन्या लेओकादियांनी शाळा उघडल्या उघडल्या तिला बोलावून घेतलं. ला पाझमध्ये मानाच्या बाईला डोन्या म्हणतात आणि पुरुषाला डोन; डोन्या लेओकादिया अठ्ठावन्न वर्षांच्या, अविवाहित, आणि शिक्क्यावर त्यांचं पोटच्या पोरासारखं प्रेम.

‘‘शुक्रवारी बाराला तपासनीस येणारेत. डोन अब्दोन उर्किसो. तुमच्या वर्गाचा आठवडा बघणार आणि शेरा मारणार. कायम, नाहीतर या महिनाअखेर मोकळ्या. अधलंमधलं काही नाही.’’

‘‘हो, बाई.’’

‘‘आठवड्याचं नियोजन तीन प्रतींत द्या. चौथी मी मागणार नाही, पण काढून ठेवा.’’

सेनोबियानं रात्रभर विचार केला नाही. तिला पायरीवरच सुचलं. जत्रा अजून चालू होती, मुलांच्या डोक्यात तेच होतं. सोमवार ते शुक्रवार वर्गातच आलासिता भरवायची! प्रत्येक मुलानं चिठ्ठी उचलायची, ज्याचं नाव येईल त्याच्यासाठी बोटभर वस्तू घडवायची. लहान-मोठं, कमी-जास्त, देणं-घेणं, सगळं शिक्षण त्यात आलं. नियोजनात तिनं लिहिलं, ‘उद्दिष्ट: दुसऱ्याला काय हवं ते ओळखणे.’ हे उद्दिष्ट पाच वर्षांच्या मुलांनी आठवडाभरात गाठायचं होतं. मोठी माणसं त्यावर अजून काम करताहेत.

सोमवारी वीस मुलांच्या चिठ्ठ्या टोपीत पडल्या. मुलं हट्टाला पेटली म्हणून एकविसावी बाईंची पडली. बाविसावी डोन्या लेओकादियांनी स्वतः आणून टाकली, ‘‘केवळ प्रशासकीय कारणासाठी,’’ असं म्हणून. मग बावीस जणांनी एकेक उचलली.

दुपारपर्यंत सगळं इतकं सुरळीत चाललं की सेनोबियाला शंका यायला हवी होती. मिनीबस चालवणाऱ्या डोन लिबोरियोच्या मुलाला, इवेरला, मुख्याध्यापिकांची चिठ्ठी आली होती. इवेरला मातीचं एकच काम जमायचं, कोंबडा. त्यानं कोंबडा केला. लाल तुरा, फुगलेली छाती. पळत गेला आणि मुख्याध्यापिकांच्या टेबलावर शिक्क्याशेजारी ठेवून आला.

आता, एकट्या बाईला आलासितात कोंबडा देणं म्हणजे तिला नवरा मिळो म्हणणं, हे ला पाझमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. फक्त या शेंबड्या पोराला नव्हतं. सेनोबिया धावत ऑफिसात पोचली तेव्हा डोन्या लेओकादिया कोंबड्याकडे आणि कोंबडा डोन्या लेओकादियांकडे बघत होता. दोघांचाही तुरा लाल झाला होता.

‘‘सेनोबिया,’’ त्या म्हणाल्या, ‘‘हे काय आहे?’’

‘‘बाई, माफ करा, लहान आहे तो, लगेच उचलते—’’

‘‘हात लावू नका! पुरावा आहे तो.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी पुरावा टेबलावरच होता, तोंड दाराकडे करून. आणि डोन्या लेओकादियांच्या ओठांवर, शाळेच्या इतिहासात प्रथमच, लिपस्टिक होती.

वर्गातल्या आलासिताची बातमी मात्र सोमवारीच फुटली होती, डोन्या फिलोमेनाच्या पावाच्या गाड्यावरून. गाडा शाळेच्या दाराशीच असायचा. वर्गातली उर्पी ही तिची भाची. उर्पीची आई दोन वर्षांपूर्वी शिवणकामाला ब्वेनोस आयरेसला गेली तेव्हापासून ती या आत्याकडेच होती. पाव घ्यायला आलेल्या प्रत्येकाला आत्या पावाबरोबर सांगायची, ‘‘अगं, कोऱ्या हातांचं देव आधी ऐकतो. जत्रेतले कारागीर हजार वस्तू बनवतात, देव तरी कुणाकुणाचं बघणार? पण पाच वर्षांचं पोर पहिल्यांदा घडवतंय म्हटल्यावर!’’

मंगळवारी आठ वाजता वर्गाच्या दाराशी सतरा पालक उभे होते. सेनोबियाला वाटलं कुणी मेलं.

‘‘बाई,’’ डोन लिबोरियो टोपी काढून म्हणाला, ‘‘पोरांकडून आमचंही तेवढं करून घ्या. मला नवी मिनीबस. पंधरा सीट.’’

‘‘मला दुमजली घर,’’ मागून कुणी ओरडलं, ‘‘खाली दुकान!’’

‘‘माझ्या मेहुण्याला वकिलीची पदवी. त्याच्याच्यानं अभ्यास होत नाही!’’

‘‘अहो, ही शाळा आहे,’’ सेनोबिया म्हणाली.

‘‘म्हणूनच पदवी मागतोय ना!’’

तिनं साफ नकार दिला. तासाभरात पालक समितीचा ठराव आला. अनुमोदकासह, आणि डोन्या लेओकादियांच्या शिक्क्यासह. शिक्का का मारला असं विचारायला सेनोबिया गेली, तर त्या खिडकीच्या काचेत केस बघत होत्या. ‘‘जनभावना आहे, सेनोबिया,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आणि कुणाची इच्छा आपण कोण अडवणार?’’

मग काय! दोन दिवस त्या वर्गात जे चाललं त्याला शिक्षण म्हणावं की बांधकाम खातं, हे ठरवणं कठीण होतं. दुमजली घराला जिना नव्हता. मालकीणबाई कपाळावर हात मारून खाली बसल्या, ‘‘म्हणजे वर राहू कशी? उडत?’’ वकिलीच्या पदवीवर पोरानं गाय काढली होती. मेहुणा म्हणाला चालेल. इवेरनं बापासाठी काडेपेटीची मिनीबस केली आणि चाकं म्हणून बटणं लावली, पण बटणं तीनच मिळाली.

डोन लिबोरियोचा चेहरा पिठासारखा झाला. ‘‘तीन? बाई, मी रोज घाट उतरतो!’’

‘‘उद्या चौथं लावू, डोन लिबोरियो.’’

‘‘उद्या? आणि आज संध्याकाळची फेरी?’’

त्यानं तिथल्या तिथं स्वतःच्या शर्टाचं बटण तोडलं, आणि पुढचे तीन दिवस पोट उघडं टाकून गाडी चालवली. पण निर्धास्त.

बुधवारी सकाळी सेनोबिया वर्गात आली. तिच्या टेबलावर एक बॅग होती. बोटभर, पुठ्ठ्याची, तपकिरी रंगवलेली. कोपरे नीट दुमडलेले, कुलपाच्या जागी टिकली.

आलासितात बॅग देणं म्हणजे प्रवास देणं. तुमचं जाणं होवो!

‘‘ही कुणी केली?’’

‘‘मी,’’ उर्पी म्हणाली. ‘‘तुमची चिठ्ठी मला आली होती.’’

‘‘मला कुठं जायचंय का, उर्पी?’’

उर्पीनं ओठ आत दुमडले. ‘‘शुक्रवारी बाराला सांगेन. आधी सांगितलं तर फळत नाही.’’

सेनोबिया बाहेरून हसली. आतून मोडली. अकरा वर्षं नाकं पुसली, बुटांच्या नाड्या बांधल्या, आणि पोरांच्या मनात आलं काय, तर बाईंनी जावं! आणि शुक्रवार तर दोन दिवसांवर. म्हणजे सरकारच्याही आधी देवाला कळलं होतं.

मधल्या सुट्टीत ती बॅग घेऊन पावाच्या गाड्याशी गेली. डोन्या फिलोमेनानं बॅग उन्हात धरून उलटीपालटी केली. तिचे डोळे विस्फारले. ‘‘अगं बाई! हिला मूठ कुठंय?’’

खरंच नव्हती. बॅगेला उचलायची मूठच नव्हती.

‘‘हे फार वाईट, बाई. नुसतं जाणं असतं तर ठीक. हे बिनमुठीचं जाणं! म्हणजे माणूस जाणार आणि सामान मागं राहणार. माझा चुलतभाऊ असाच सांता क्रूसला गेला, त्याची पँट ओरुरोत उतरली.’’

सेनोबियाला बापाचा तो ट्रक आठवला, बटाटे आठवले. जायचंच असेल तर निदान धड जाऊ! तिनं होकाराची मान डोलावली. डोन लिबोरियोनं पक्कड काढली, तार वाकवली आणि झकास मूठ बसवली. ‘‘आता हिला घेऊन चंद्रावर जा, बाई,’’ तो म्हणाला. हे सांत्वन होतं.

गुरुवारी सकाळी मूठ नव्हती.

वर्ग कुलूपबंद होता, सकाळी आली होती फक्त मुलं. डोन्या लेओकादियांनी चौकशी केली, नोंद केली, ‘वस्तूची मूठ गहाळ’, आणि सरकारी कागदाची टाचणी वाकवून नवी मूठ लावली. मधल्या सुट्टीनंतर तीही नव्हती. मग बुटाची नाडी, डिंकासकट. अकराला बांधली, सव्वाअकराला गेली. नशीब एकदा वाकडं जाणं सेनोबिया समजू शकत होती. नशिबानं दिवसातून तीनदा येऊन मूठ काढून नेणं तिच्या आवाक्याबाहेरचं होतं.

दरम्यान गल्लीनं तिचा निरोप घ्यायला सुरुवात केली होती. दुमजली घरवाल्या बाईनं तिला मिठी मारून विचारलं, ‘‘तुमची खोली रिकामी होणार ना? खिडकी पूर्वेला आहे का?’’ दोन आयांनी केक आणला. त्यावर साखरेत लिहिलं होतं, ‘सुखी राहा, बाई.’

‘‘अहो, पण मी कुठं चाललेय?’’

‘‘ते तुम्हालाच ठाऊक. आम्हाला सांगितलं नाहीत, एवढंच लागलं हो मनाला.’’

म्हणजे जाणार तीच, कळलं सगळ्यांना, आणि अपराधीही तीच! सेनोबियानं स्वतःच्याच निरोपाचा केक खाल्ला. चांगला झाला होता, हे आणखी वाईट.

त्या दुपारी पायऱ्या चढताना तिची खरी बॅग कधी नव्हे एवढी जड झाली. वळून बघितलं तर पावाच्या गाड्याशी उर्पी उभी होती आणि तिच्याकडे एकटक बघत होती. रोजच बघायची. सेनोबिया दिसेनाशी होईपर्यंत. अकरा वर्षं पुढं बघून चढणाऱ्या बाईच्या हे आज लक्षात आलं.

शुक्रवार उजाडला. वर्ग सजला, सतरा पालक भिंतीला टेकून उभे राहिले. मधल्या टेबलावर कोंबडा सोडून एकवीस वस्तू, शिवाय ठरावानुसार सतरा. पावणेबाराला डोन्या फिलोमेना घरचा एकेको घेऊन आली. एकेको म्हणजे भरभराटीचा बुटका देव; मिशाळ, तोंड कायम उघडं, पाठीवर पोती, भांडी, सगळा संसार लटकलेला. त्याला शुक्रवारी सिगारेट लागते. नाही दिली तर तो रुसतो, आणि त्याच्या रुसव्याच्या गोष्टी गाड्यावर पावापेक्षा जास्त खपतात.

‘‘वर्गात सिगारेट नको,’’ सेनोबिया म्हणाली.

‘‘मग त्याला उपाशी ठेवता?’’

‘‘डोन्या फिलोमेना, आज तपासनीस येणारेत!’’

‘‘मग आजच रुसवता?’’

एकेकोच्या तोंडात सिगारेट पेटली. शेजारी धुपाटणं पेटलं. देव धूर ओढू लागला, पोरं टाळ्या वाजवू लागली, धुरानं अर्धा वर्ग दिसेनासा झाला. आणि बाराला दहा मिनिटं असताना त्या धुरातून एक चामडी फाइल, एक काळा कोट आणि एक करडी मिशी बाहेर आली.

तपासनीस डोन अब्दोन उर्किसो.

टाळ्या थांबल्या. बालवाडी. वीस बालकं. मधोमध सिगारेट ओढणारा देव. सरकारला डोळे होते, आणि नेमके आज ते उघडे होते.

‘‘ही,’’ डोन अब्दोन सिगारेटकडे बोट दाखवत म्हणाले, ‘‘कुणी पेटवली?’’

डोन्या फिलोमेना गर्दीमागं बुटकी झाली. डोन लिबोरियोनं पोटावर टोपी धरली.

‘‘मी,’’ सेनोबिया म्हणाली. वर्ग तिचा होता.

‘‘बाई, तुम्हाला काही कळतं का?’’ तपासनिसांचा आवाज चढला. ‘‘अजून दहा मिनिटं आहेत बाराला! आत्ताच पेटवली तर ऐन वेळी विझणार! दुसरी आहे का?’’

तपासनिसांनी स्वतःच्या खिशातून पाकीट काढलं, एक सिगारेट काढून एकेकोच्या पायाशी तयार ठेवली, आणि मगच अधिकारी झाले.

‘‘हं. वर्ग बघू.’’

त्यांनी जिना नसलेलं घर बघितलं, गायवाली पदवी बघितली. चार चाकांची मिनीबस टेबलावर चालवून बघितली, दोनदा. तेवढ्यात डोन्या लेओकादिया आल्या, एका हातात शिक्का आणि दुसऱ्या हातात, प्रशासकीय कारणासाठी, कोंबडा. डोन अब्दोन विधुर होते, हे फाइलमध्ये नव्हतं पण सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी कोंबड्याकडे पाहिलं, मग डोन्या लेओकादियांकडे, आणि मिशीवरून हात फिरवला. काय बोलायचं होतं तेच ते विसरले.

‘‘अं... हे काय?’’ सावरून त्यांनी तपकिरी बॅग उचलली. ‘‘काम नेटकं आहे. पण अर्धवट. मूठ कुठंय?’’

‘‘साहेब, आम्ही तीनदा लावली,’’ डोन लिबोरियो म्हणाला. ‘‘पण नशीब काढून नेतं.’’

‘‘मी काढली,’’ उर्पी म्हणाली.

वर्गात टाचणी पडली असती तर ऐकू आलं असतं. टाचणी खरोखरच पडली. उर्पीनं मूठ उघडली होती, आणि त्यातून तार, टाचणी आणि नाडी जमिनीवर पडली होती.

‘‘अगं, पण का?’’ डोन्या फिलोमेना हबकून पुढं आली.

उर्पीनं खिडकीतून देवळाच्या घड्याळाकडे पाहिलं. दोन्ही काटे एकावर एक चढत होते. पहिला टोल पडला. तिनं तो पडू दिला.

‘‘आईनं जाताना बॅग उचलली,’’ ती म्हणाली. ‘‘तिच्या बॅगेला मूठ होती. बाईपण रोज बॅग उचलतात आणि जातात. म्हणून मी उचलता न येणारी केली.’’

टोल पडत राहिले. धूप ज्यानं फिरवायचा होता त्याच्या हातातच राहिला. डोन्या फिलोमेनानं पदरासारखी शाल तोंडावर ओढली. सेनोबियाला वाटलं, एकशे चाळीस पायऱ्या आपण एका दमात चढलो आहोत, आणि आता श्वासच येत नाहीये.

डोन अब्दोननी बॅग खाली ठेवली. अगदी हलकेच, जणू ती खरोखर उचलण्यापलीकडची होती. मग फाइल उघडली. अकरा वर्षांची अकरा सेवापत्रकं.

‘‘मग हे काय आहे, बाई?’’ त्यांनी चौदाव्या रकान्यावर बोट ठेवलं. ‘‘स्वतःची इच्छा. रेघ. रेघ. रेघ. अकरा रेघा! वरच्या कचेरीतल्या लोकांनी याचा अर्थ काय लावला असेल? दरवर्षी फाइल वर जाते, आणि दरवर्षी शेरा येतो, ‘बाईंना इच्छा नाही, हंगामी ठेवा.’’’

अकरा वर्षं सेनोबिया सरकारच्या देण्याची वाट बघत होती, आणि अकरा वर्षं सरकार तिच्या मागण्याची.

‘‘पण साहेब... आपल्यासाठी मागू नये म्हणतात. हातचं जातं.’’

‘‘मागू नयेच! मीही ला पाझचाच आहे.’’ त्यांनी बिनमुठीच्या बॅगेकडे मानेनं खूण केली. ‘‘पण ते तर या पोरीनं केव्हाच मागून दिलंय. तुम्हाला फक्त हो म्हणायचंय. बोला, बारा वाजताहेत.’’

दहावा टोल पडला. अकरावा पडला. वीस मुलं, सतरा पालक, एक देव आणि एक कोंबडा तिच्याकडे बघत होते. सेनोबियानं उर्पीच्या रिकाम्या मुठीत आपलं बोट घातलं, आणि पट्टीनं मारलेल्या अकरा रेघांवरून तिचा आवाज पहिल्यांदाच वाकडातिकडा बाहेर आला:

‘‘मला इथंच राहायचंय.’’